विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणिसांनी या व्याख्यानमालेसाठी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही साहित्यिक नव्हे, खेळाडूही नव्हे. आम्ही केवळ एका खेळाडूचे आईवडील आहोत. परंतु चिटणीस म्हणाले, "मंडळाला पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत आपली मुले काय काय करू लागली, हे पुढच्या पिढीला कळू द्या." या म्हणण्यापुढे आमचा निरुपाय झाला. व्यासपीठावर उभी एकटीच असले तरी बोलणे आम्हां उभयतांचे आहे. यजमान समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. घरची जमाखर्चाची वही त्यांच्या हातची; तेव्हा आकड्यांत काही चूक झाली तर जाब त्यांना विचारावा.

आमची धाकटी कन्या व्यावसायिक गोल्फ खेळते. हे वाक्य उच्चारताच मराठी घरांतून जो प्रश्न येतो तो आता आम्हांस पाठ झाला आहे. "ते ठीक, पण करते काय?" क्रिकेट खेळणाऱ्याला हा प्रश्न आता कोणी विचारीत नाही. गोल्फ म्हटले की मात्र साहेब, लष्करी अधिकारी आणि रविवार सकाळ एवढेच डोळ्यांसमोर येते. एखादी मुलगी या खेळावर पोट भरू पाहते, आणि त्यासाठी वर्षातील निम्मे दिवस पेटी-पिशवी घेऊन गावोगाव हिंडते, हे सांगूनही खरे वाटत नाही. म्हणून आज त्या हिंडण्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले.

आम्ही १९९४ साली यजमानांच्या बदलीनिमित्त दिल्लीस आलो. तीन वर्षांनी परत जायचे असे म्हणत म्हणत येथेच रुजलो. ही कथा आपणां सर्वांचीच आहे, ती वेगळी सांगावयास नको. कन्या दहा वर्षांची असताना, २०११ च्या हिवाळ्यात, एका शेजाऱ्यांबरोबर लाडो सरायच्या कुतुब गोल्फ मैदानावर गेली. हे मैदान दिल्ली विकास प्राधिकरणाचे. क्लबाचे सभासदत्व नसले तरी पैसे भरून तेथे खेळता येते. आमच्यासारख्या नोकरदारांना या खेळाचे दार उघडले ते अशा सार्वजनिक मैदानामुळे. एरवी लोदी काळातील व मोगल काळातील घुमटांच्या सान्निध्यात पसरलेला दिल्ली गोल्फ क्लब आम्ही रस्त्यावरूनच पाहिला असता. त्या दिवशी मुलगी घरी आली ती तळहाताला फोड घेऊन, आणि म्हणाली, "उद्या पुन्हा जायचं." फोड बरे झाले, 'उद्या पुन्हा' मात्र आजतागायत चालू आहे.

या खेळात बायकांची वाट सोपी कधीच नव्हती. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची गोल्फस्पर्धा झाली. ती मार्गारेट ॲबट या अमेरिकन युवतीने जिंकली. पण आपण ऑलिंपिक जिंकलो हे तिला हयातभर कळले नाही. त्यानंतर स्त्रियांचे गोल्फ ऑलिंपिकमध्ये पुन्हा आले ते २०१६ साली, रिओ येथे. मध्ये एकशेसोळा वर्षे गेली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या सुप्रसिद्ध क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ च्या सप्टेंबरात. अमेरिकेत १९५० साली तेरा जणींनी मिळून स्त्रियांची व्यावसायिक संघटना उभी केली. त्या स्वतःच्या मोटारींतून एका गावाहून दुसऱ्या गावी जात, मैदान स्वतः आखीत, गावात हिंडून स्पर्धेची जाहिरात स्वतः करीत, आणि मग खेळत. हे वाचले तेव्हा आम्हांस आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्या आठवल्या. मुक्काम, सामान, जाहिरात, प्रयोग, आणि लगेच पुढचा मुक्काम! फरक इतकाच, की नाटक मंडळीत आचारीही बरोबर असे. आमची कन्या एकटी हिंडते, आणि भाजणीचा डबा आम्ही बांधून देतो.

आपल्या देशात हा व्यवसाय फार अलीकडचा. कोलकात्याच्या स्मृती मेहरा अमेरिकेच्या दौऱ्यावर खेळल्या तेव्हा त्या तेथे एकट्याच भारतीय होत्या. भारतातील स्त्री-व्यावसायिकांचा स्वतंत्र दौरा चालू शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. आपल्या शेजारच्या गुरुग्राम येथे २००७ पासून स्त्रियांची इंडियन ओपन भरू लागली, आणि पहिल्याच वर्षी तैवानची यानी त्सेंग ती जिंकून गेली. त्यानंतर बरीच वर्षे चषक परदेशीच जात राहिला. २०१६ च्या नोव्हेंबरात मात्र बंगळूरची अठरा वर्षांची अदिती अशोक शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे राहिली. त्या दिवशी दोरीबाहेरच्या गर्दीत आम्ही तिघेही होतो. कन्या पंधरा वर्षांची होती. घरी परतताना ती एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना एवढेच म्हणाली, "म्हणजे हे होऊ शकतं."

पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोला अदिती चौथी आली. पदकापासून केवळ एक फटका दूर. कॅडी म्हणून पिशवी उचलली होती तिच्या आईने. ज्या देशात गोल्फचे नियम शंभरांतल्या दोघांना ठाऊक नसतील, तो देश पहाटे उठून गोल्फ पाहत होता. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत पुण्याचा उदयन माने खेळला, याचाही आपणांस अभिमान वाटावा. हरियाणाची दीक्षा डागर जन्मतः श्रवणदोष असलेली आणि डावखुरी. तिने २०१९ साली दक्षिण आफ्रिकेची ओपन स्पर्धा जिंकली आणि पुढे बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही मिळविले. ही मोठी नावे झाली. परंतु प्रत्येक मोठ्या नावामागे वीस-पंचवीस अशा मुली असतात, की ज्यांचे नाव वर्तमानपत्रात आलेच तर शेवटच्या ओळीत येते. आमची कन्या त्यांपैकी एक. म्हणूनच तिची हकिकत सांगण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

स्पर्धेचा आठवडा कसा असतो ते थोडक्यात सांगतो. रविवारी किंवा सोमवारी गाडी वा विमान पकडायचे. पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब. विमान कंपन्या या लांबट पिशवीकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर आम्ही पेटी-तंबोरा घेऊन निघालेल्या गवयाकडे पाहणाऱ्या कंडक्टरच्या डोळ्यांत पूर्वी पाहिली आहे. मंगळवारी सरावाची फेरी. त्या फेरीत छोट्या वहीत टिपणे करायची: कुठल्या झाडापासून ग्रीन किती यार्ड, उतार कुठे, वाळूचा खड्डा कुठे, गवत कोणत्या अंगाला वळलेले. मग तीन दिवस स्पर्धा. रोज अठरा होल, चार-पाच तास, आठ-दहा किलोमीटरची पायपीट. पहिल्या दोन दिवसांनंतर 'कट' लागतो. एका ठराविक संख्येच्या आत ज्या राहतील त्याच तिसऱ्या दिवशी खेळतात, आणि त्यांनाच बक्षिसाचा वाटा मिळतो. बाकीच्यांनी सामान आवरायचे. प्रवेशशुल्क, प्रवास, खोली, कॅडीची मजुरी, जेवण हा सारा खर्च मात्र दोघींनाही सारखाच. यजमानांच्या वहीप्रमाणे देशांतर्गत एका आठवड्याचे चाळीस-पन्नास हजार रुपये होतात. परदेशी जायचे तर आकडा आम्ही एकमेकांनाही मोठ्याने सांगत नाही.

आणि ऋतूंचे काय सांगावे! डिसेंबर-जानेवारीत आपल्या दिल्लीचे धुके उतरले की पहिला फटका दोन-दोन तास लांबतो. हातमोजे, बंडी, टोपी घालून मुली उभ्या, आणि समोरचा झेंडा दिसत नाही. मे महिन्यात पहाटे अंधारात उठून उजाडताच खेळायला उतरायचे. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेले आमचे बंधू एकदा तिच्याबरोबर अठरा होल चालले, आणि संध्याकाळी म्हणाले, "हा श्रीमंतांचा खेळ आहे असं मला कुणी सांगितलं होतं?" शेवटच्या पाच-सहा होलांत पायांतील बळ सरते, आणि स्पर्धा बहुधा तेथेच जाते. तेवढ्यासाठी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात शेंगदाणा-गुळाचे लाडू असतात. बाराव्या होलवर एक, सोळाव्यावर एक. परप्रांतीय मैत्रिणींना त्यांची अशी चटक लागली आहे, की आता आम्हांस डबा दुप्पट भरावा लागतो.

पहिली दोन वर्षे आम्ही आळीपाळीने तिच्याबरोबर हिंडलो. कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद. पुण्याचा मुक्काम आला की आम्हांस माहेरी जाण्याचा आनंद. सदाशिव पेठेत आत्याकडे उतरायचे, सकाळी येरवड्यास मैदानावर जायचे. पुण्याची श्वेता गलांडे याच दौऱ्यावर खेळलेली असल्यामुळे तेथे 'मराठी मुलगी आणि गोल्फ' याचे नवल नव्हते. नवल होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. नातेवाईक कन्येला म्हणत, "तुझं मराठी अगदी दिल्लीचं बरं का!" आणि दिल्लीत मैदानावर तिला ओळखतात 'वो मराठी लड़की' म्हणून. एका रात्री तिने विचारले, "आई, मग माझं घरचं मैदान कोणतं?" आम्हांस उत्तर देता आले नाही. या सभागृहातील किती आईवडिलांना हा प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला गेला असेल!

गणपतीचे दहा दिवस गेल्या काही वर्षांत ती एकदाच पुरते घरी होती. एका वर्षी हैदराबादच्या खोलीतून दूरध्वनीच्या पडद्यावर आरतीला उभी राहिली. हातात ताम्हण नव्हते म्हणून चहाची बशी घेतली होती. आम्ही येथे टाळ वाजवीत होतो आणि तिच्या आवाजाला दोन क्षणांचा उशीर होत होता. घरातील सारे हसले. आम्हीही हसलो, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच मोदकांचे झाकण उघडून पाहिले.

व्यवसाय पत्करताना, म्हणजे २०२२ च्या आरंभी, यजमानांनी तिजबरोबर एक ठराव केला होता. तीन वर्षे. घर घेण्यासाठी जमविलेल्या पैशांतून तीन वर्षे खर्च करायचा. त्यानंतर खेळ स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही, तर दुसरे काही पाहायचे. यजमानांच्या सेवानिवृत्तीस तेव्हा तितकीच वर्षे उरली होती. पहिल्या वर्षी अकरा स्पर्धांपैकी चारच कट पार झाले. दुसऱ्या वर्षी सहा. एका कंपनीने कपड्यांचा व प्रवासाचा खर्च उचलण्याचे कबूल केले होते. ते कबुलीपत्र सहा महिन्यांत आटोपले. नातेवाइकांत लग्नाचा विषय निघू लागला. कोणी वाईट हेतूने बोलत नव्हते. पण तिसरे वर्ष सुरू झाले तेव्हा घरात एक घड्याळ लावल्यासारखे झाले होते, आणि त्याची टिकटिक तिघांनाही ऐकू येत होती.

आता त्या तिसऱ्या वर्षाची, २०२४ च्या शरद ऋतूतील एक गोष्ट सांगतो आणि मग आपला निरोप घेतो.

दुसऱ्या दिवसाची फेरी होती. आम्ही नेहमीप्रमाणे दूर, झाडांच्या कडेने चालत होतो. कन्या कटाच्या रेषेवर होती, एक फटकाही वाया घालवण्याजोगा नव्हता. पंधराव्या होलवर तिचा चेंडू रानगवतात गेला. कॅडी अंतर पाहण्यासाठी पुढे गेला होता. बरोबरच्या दोघी मैदानाच्या दुसऱ्या अंगाला होत्या. चेंडूला टेकून एक वाळके पान पडले होते. पान उचलायला नियमाची मुभा आहे. पण उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. तिने वाकून पान उचलले आणि तशीच वाकलेली राहिली. मग सरळ उभी राहून तिने हात वर केला, आणि पलीकडल्या खेळाडूस हाक मारून बोलावून घेतले. आम्हांस इतक्या दुरून चेंडू हललेला दिसला नव्हता. कोणालाच दिसला नव्हता.

त्या दिवशी तिचा कट एका फटक्याने हुकला.

संध्याकाळी अतिथिगृहाच्या खोलीत ती पिशवीतील क्लब पुसत बसली होती. आणि आम्ही, म्हणजे या बाबतीत मी एकटी, कारण यजमान दिल्लीत होते, असे काही बोलून गेले की जे आज आपल्यासमोर कबूल करणे भाग आहे. मी म्हणाले, "अगं, कुणी पाहिलं नव्हतं." तिने मान वर केली नाही. क्लब पुसता पुसता म्हणाली, "मग बाबांना वहीत काय लिहायला सांगणार होतीस?"

ज्या घरात दुधाच्या पिशवीचा आणि रिक्षाच्या भाड्याचा हिशेब रोज रात्री लिहिला जातो, त्या घरात ही मुलगी वाढली होती. आम्ही तिला सचोटीचे पाठ दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती वही तेवढी रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. गोल्फमध्ये पंच प्रत्येकाच्या पाठीशी नसतो. प्रत्येक जण स्वतःचा पंच असतो. अमेरिकेचा थोर खेळाडू बॉबी जोन्स याने १९२५ च्या यू. एस. ओपनमध्ये कोणी न पाहिलेला असाच एक फटका स्वतःवर लावून घेतला, आणि पुढे बरोबरी सोडविण्याच्या फेरीत ती स्पर्धा तो हरला. जगाने त्याची वाखाणणी केली. आमच्या कन्येची वाखाणणी करायला त्या खोलीत मी एकटीच होते, आणि माझ्या तोंडून निघाले ते असे. रात्रभर मला झोप आली नाही.

दिल्लीस परत आल्यावर यजमानांनी वही उघडली. प्रवेशशुल्क, भाडे, खोली, कॅडी. सारे लिहून झाल्यावर खर्चाच्या बाजूला शेवटची ओळ लिहिली: 'दंड, १ फटका.' रकमेच्या रकान्यात आडवी रेघ मारली. कन्येने ती ओळ वाचली, आणि पुष्कळ दिवसांनी बापलेक खळखळून हसली.

डिसेंबरात मुदत संपली. आम्ही उभयतांनी आधीच ठरविले होते, की तिला आणखी एक वर्ष द्यायचे. घर थोडे लहान घेऊ, किंवा घेणारच नाही. तसे तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "वर्ष घेईन, पैसे नको." तिने परस्पर व्यवस्था केली होती. स्पर्धा नसेल त्या आठवड्यांत ती गुरुग्राममधील एका सराव-मैदानावर लहान मुलामुलींना शिकविते. सकाळी स्वतःचा सराव, दुपारनंतर शिकवणी. दूरच्या महागड्या स्पर्धा तिने सोडल्या. वर्षाला सात-आठच खेळते, पण स्वतःच्या कमाईवर. या वर्षी पाच कट पार झाले आहेत. नाव अजूनही शेवटच्याच ओळीत येते. उद्या ती थोर खेळाडू होईल असे आम्ही म्हणत नाही. तसे आश्वासन तिनेही आम्हांस दिलेले नाही. पुढील वर्षाअखेर ती काय ठरवील, हे आता तिच्या हाती. वहीतील तिच्या नावाचे पान यजमानांनी बंद केले आहे. नवी वही तिची तिने घातली आहे, आणि ती आम्हांस दाखवीत नाही.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा कीव करण्यासाठी वापरतात. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी हे मंडळ स्थापिले, तीही बदलीच्या कागदावर पाठीवर बिऱ्हाड घेऊनच आली होती. त्या बिऱ्हाडात त्यांनी गणपती आणला, नाटक आणले, वाचनालय आणले, आणि चोख हिशेबाची वहीही आणली. आजच्या अहवालात वार्षिक जमाखर्च पै-पैसह छापला आहे, तो आम्ही मघाशी वाचला. आमच्या कन्येच्या पिशवीत चौदा क्लब, शेंगदाण्याचे लाडू आणि एक वही आहे. मुक्काम कोठे का असेना, तेवढे बरोबर असले की पुरे, असे आता आम्हांस वाटू लागले आहे.

ती आज येथे असती तर आपणांस नमस्कार करून गेली असती. पण आज ती बंगळूरच्या गाडीत आहे; परवा तिची सरावाची फेरी आहे. तिने आपणांस एक निरोप दिला आहे: रविवारी सकाळी आपल्या नातवंडांना मैदानावर पाठवा, पहिल्या दिवशी क्लब मी देईन. तळहाताला फोड येतील, त्याची जबाबदारी मात्र आजी-आजोबांची.

 मंडळाच्या शतकमहोत्सवास आपल्यापैकी जे असतील, त्यांनी तेव्हाही हिशेब चोख ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही येथेच थांबतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!